डर्बनमधील आफ्रिकन स्त्रिया आणि ज्वारीची बिअर : एक ऐतिहासिक अभ्यास (१९०८ ते १९६२)

प्रास्ताविक

आफ्रिकन स्त्रियांच्या मद्यसेवनाची चर्चा बहुधा आरोग्य किंवा नीती या दोनच दृष्टिकोनांतून केली जाते. स्त्री किती पिते, हा प्रश्न विचारला जातो. मात्र मद्य कोण तयार करते, ते विकण्याचा हक्क कोणाला आहे आणि त्याचा पैसा कोणाकडे जातो, हे प्रश्न मागे पडतात. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहराच्या आधारे या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पारंपरिक समाजातील स्थान

झुलू समाजात ज्वारीच्या बिअरला 'उत्श्वाला' असे म्हणतात. धान्याला मोड आणणे, ते दळणे, शिजविणे, आंबविणे व गाळणे ही सर्व कामे स्त्रियांकडे असत. या प्रक्रियेस काही दिवस लागत आणि तयार पेयात मद्यार्काचे प्रमाण अल्प असे. पूर्वजांचे पूजन, विवाह व सामुदायिक शेतकाम या प्रसंगी ही बिअर दिली जाई. पिण्यात वडीलधाऱ्या पुरुषांचा मान प्रथम होता. स्त्रियाही ती घेत; परंतु वय व नाते यांच्या मर्यादा पाळूनच. म्हणजेच स्त्री ही प्रामुख्याने उत्पादक होती.

'डर्बन पद्धती'चा उदय

नाताळ वसाहतीत १९०८ मध्ये बिअरविषयक कायदा संमत झाला. त्याने नगरपालिकांना ज्वारीच्या बिअरचे उत्पादन व विक्री यांची मक्तेदारी घेण्याची मुभा दिली. डर्बनने ती तत्काळ स्वीकारली आणि १९०९ पासून आफ्रिकन कामगारांसाठी नगरपालिकेचे बिअर हॉल सुरू झाले. त्यांच्या उत्पन्नातून कामगारांच्या बराकी व आफ्रिकन लोकांवरील प्रशासनाचा खर्च भागविला जाई. थोडक्यात, ज्यांच्यावर नियंत्रण ठेवायचे त्यांच्याच खिशातून त्या नियंत्रणाचा खर्च वसूल होत असे. पुढे ही पद्धती दक्षिण आफ्रिकेतील इतर शहरांनीही अनुसरली.

या व्यवस्थेत स्त्रियांचे दुहेरी नुकसान झाले. डर्बनमध्ये घरकामासही बहुतांशी पुरुषच नेमले जात असल्याने शहरात आलेल्या स्त्रीला धुणी धुणे व बिअर विकणे याखेरीज फारसे मार्ग नव्हते. आता तिची घरगुती बिअर बेकायदेशीर ठरली आणि नवऱ्याची मजुरी बिअर हॉलमध्ये जाऊ लागली. धाडींचा परिणाम पेयाच्या स्वरूपावरही झाला. अनेक दिवस आंबणारी बिअर लपविणे कठीण असल्याने यीस्ट व साखर घालून एका दिवसात तयार होणारी 'स्कोकियान'सारखी तीव्र पेये प्रचारात आली. ती जमिनीत पुरलेल्या डब्यांत दडविली जात.

१९२९ व १९५९ चे लढे

१९२९ मध्ये डर्बनमध्ये बिअर हॉलवर बहिष्कार पुकारण्यात आला. त्याच वर्षी नाताळमधील लहान गावांतून स्त्रियांनी हातात काठ्या घेऊन बिअर हॉलवर चाल केली. तीस वर्षांनंतर, जून १९५९ मध्ये, डर्बनच्या केटो मॅनोर वस्तीत घरगुती मद्य नष्ट करण्याच्या मोहिमेने असंतोषाचा भडका उडाला. स्त्रियांनी बिअर हॉलमध्ये शिरून पुरुषांना बाहेर काढले व बिअर ओतून दिली. दुसऱ्या दिवशी सुमारे २,००० स्त्रिया गाऱ्हाणी मांडण्यासाठी जमल्या असता पोलिसांनी लाठीमार केला. या लढ्यात डोरोथी न्येम्बे व फ्लॉरेन्स मखिझे यांचा पुढाकार होता. जानेवारी १९६० मध्ये याच वस्तीत धाडीच्या वेळी ९ पोलीस मारले गेले.

बिअर हॉल बंद करा आणि घरी बिअर करू द्या, या दोन मागण्या वरकरणी परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः त्यांचा आधार एकच होता. घरातील पैसा घरात राहावा, एवढेच या स्त्रियांचे म्हणणे होते. हा लढा मद्यपानबंदीचा नव्हता, तर उपजीविकेचा होता.

समारोप

१९६१ च्या कायदादुरुस्तीनंतर ऑगस्ट १९६२ पासून आफ्रिकन लोकांना इतर मद्य खरेदी करण्याची परवानगी मिळाली. तथापि स्त्रियांनी चालविलेले 'शेबीन', म्हणजे घरगुती गुत्ते, बेकायदेशीरच राहिले. आजही दक्षिण आफ्रिकेतील बहुसंख्य स्त्रिया मद्य घेत नाहीत. मात्र घेणाऱ्यांमध्ये एकाच बैठकीत अतिसेवन करण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. त्याचे संपूर्ण कारण या इतिहासात शोधणे योग्य ठरणार नाही. परंतु सौम्य पेयाची जागा तीव्र पेयाने घेण्यामागे आणि प्रसंगोचित पिण्याचे रूपांतर चोरट्या व्यवहारात होण्यामागे कायद्याचा मोठा वाटा होता, हे डर्बनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. म्हणून मद्यसेवनाचा अभ्यास करताना पिणाऱ्या स्त्रीइतकेच लक्ष कर वसूल करणाऱ्या संस्थेकडेही देणे अगत्याचे आहे.