पासिउस, फ्रेडरिक

(१९ मार्च १८०९–८ जानेवारी १८९१). फिनलंडच्या राष्ट्रगीताचा जर्मन संगीतकार, व्हायोलिनवादक व वाद्यवृंदसंचालक. जन्म हँबर्ग येथे. कासेलमध्ये लुई श्पोर याच्याकडे त्याने व्हायोलिनचे शिक्षण घेतले. १८२८ पासून सहा वर्षे तो स्टॉकहोमच्या राजदरबारी वाद्यवृंदात होता. १८३५ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात संगीतशिक्षक म्हणून रुजू झाला आणि तेथेच स्थायिक झाला.

कार्य : फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होता व सुशिक्षितांची भाषा स्वीडिश होती. हेलसिंकीत कायमस्वरूपी व्यावसायिक वाद्यवृंद नव्हता. विद्यार्थी आणि हौशी वादक-गायक यांना तालमी देऊन पासिउसने मैफली उभ्या केल्या. १८३८ मध्ये त्याने स्थापन केलेला विद्यार्थ्यांचा पुरुषगायकवृंद ‘आकादेमिस्का सोंगफरेनिंगेन’ आजही गातो. ‘फिनिश संगीताचा जनक’ हे बिरुद त्याला प्रामुख्याने या कामामुळे लाभले.

राष्ट्रगीत : कवी यू. ल. रूनेबर्ग याच्या ‘व्होर्ट लांद’ (आमचा देश) या स्वीडिश कवितेला इतरांनीही चाली दिल्या होत्या. टिकली ती पासिउसची. १३ मे १८४८ रोजी हेलसिंकीजवळच्या कुम्तेहती माळावर विद्यार्थ्यांच्या वसंतोत्सवात ती प्रथम गायिली गेली. चाल तीन मात्रांच्या ठेक्यात आहे. प्रत्येक कडव्याच्या सहा ओळींपैकी शेवटच्या चार दोनदा म्हणतात, त्यामुळे गीताचा सारा भार उत्तरार्धावर येतो. स्वरांची झेप बेताची असल्याने न शिकलेल्या गळ्यांनाही ती पेलते. समूहगायनाची नेमकी जाण असलेल्या संगीतकाराचे हे काम आहे. मूळ अकरा कडव्यांपैकी प्रथा पहिले व शेवटचे गाण्याची. फिनिश शब्द मुख्यतः पावो कायांदर याच्या १८८९ च्या अनुवादातील आहेत. चालीवर एका जर्मन मद्यपानगीताची छाया असल्याचे काही अभ्यासक मानतात. हे राष्ट्रगीत रूढीने मान्य आहे. त्यासाठी कायदा झालेला नाही.

एस्टोनिया : यो. व्हो. यान्सेन याने याच चालीवर रचलेले एस्टोनियन गीत १८६९ च्या तार्तू गीतमहोत्सवात गायिले गेले व १९२० मध्ये राष्ट्रगीत ठरले. त्यात ओळींची पुनरावृत्ती नाही. सोव्हिएट राजवटीत त्यावर बंदी होती. तरी फिनिश आकाशवाणी दिवसाच्या अखेरीस हीच धून वाजवी आणि ती उत्तर एस्टोनियात ऐकू येई. १९९० मध्ये गीत पुन्हा अधिकृत झाले. परक्या देशातून आलेल्या एका शिक्षकाची चाल अशा रीतीने दोन राष्ट्रांची झाली, हा त्याच्या कार्याचा सर्वांत मोठा गौरव होय.

इतर रचना : साकारिआस टोपेलिउस याच्या स्वीडिश संहितेवरील ‘कुंग कार्ल्स याक्त’ (१८५२) ही फिनलंडमध्ये रचलेली पहिली ऑपेरा मानली जाते. ‘दी लोरेलाय’ (१८८७) जर्मन भाषेत आहे. एक व्हायोलिन कन्चेर्टो, गायकवृंदासाठी गीते.

हेलसिंकी येथे निधन.