भरलेली थैली, रिकामी जागा

मैदानावर पाऊल न ठेवता संघ चालवण्याची हौस अमेरिकेत जुनी आहे. १९६१ साली हॅल रिचमन यांनी 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा खेळ बाजारात आणला. बेसबॉलमधील एकेका खेळाडूची हंगामभराची कामगिरी एकेका पत्त्यावर उतरली, आणि फाशांच्या दानांवर घरातल्या मेजावर सामने रंगू लागले. १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमधील 'ला रोटिसरी फ्रांसेज' या उपाहारगृहाच्या नावाने निराळाच डाव मांडला. त्यात चालू हंगामातील खेळाडूंचा लिलाव होई. २६० डॉलर आणि २३ खेळाडू हे त्याचे पुढे रूढ झालेले प्रमाण. संगणकाने या दोन्ही परंपरा एकत्र आणल्या. आता कोणत्याही काळातला खेळाडू निवडावा, त्याची ठरलेली किंमत मोजावी आणि सामने यंत्राकडून खेळवून घ्यावेत, अशी सोय झाली.

थैली लहान असली की प्रश्न सोपा असतो: स्वस्तात चांगले काय मिळेल? थैली मोठी झाली की नवशिक्याला वाटते, आता नामवंतांची रांगच उभी करू. परंतु थैली सर्वांचीच मोठी असते. संघातल्या जागा मात्र तेवढ्याच राहतात. पैशाची टंचाई संपते आणि जागांची टंचाई सुरू होते. मोठ्या अंदाजपत्रकाचा संघ उभारण्याचे सारे शास्त्र, आमच्या मते, या एका वाक्यात आहे.

म्हणून जाणता निवडकर्ता खेळाडूची थोरवी पाहत नाही, अंतर पाहतो. पहिल्या बेसवर उभे राहून जोरकस फटके मारणारे इतिहासात पुष्कळ झाले. त्यातला पहिला हुकला तर पाचव्यावर भागते. कॅचरचे तसे नाही. फलंदाजामागे हंगामभर उकिडवे बसून चेंडू झेलणारा आणि वर उत्तम फलंदाजीही करणारा माणूस विरळा. अशा पहिल्या कॅचरमध्ये आणि पाचव्यात मोठी दरी असते, म्हणून जास्तीचा पैसा तेथे ओतावा. पिचरच्या बाबतीत डाव मोजावेत. वॉल्टर जॉन्सनने १९१३ साली ३४६ डाव टाकले. आजचा पिचर दोनशेच्या आसपास थांबतो. एका जागेत जवळजवळ दोघांचे काम होत असेल तर ती किंमत महाग नव्हे.

आणि काळ वाचावा. बॉब गिब्सनने १९६८ साली दर नऊ डावांमागे अवघ्या १.१२ 'अर्न्ड' धावा दिल्या, हे खरेच. पण ते सारे वर्षच पिचरांचे होते. पुढच्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. उलट, १९२० साली बेब रूथने ५४ होमरन मारले, तेव्हा अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही संपूर्ण संघाला तेवढे जमले नव्हते. आकडा त्याच्या शेजाऱ्यांसह वाचला तरच त्याचे मोल कळते.

येथवर हिशेब झाला. पण हा हिशेब ज्या नोंदवहीवर चालतो, ती वही कोणी लिहिली? सर्वांत दुर्मिळ जागा कॅचरची, असे आम्ही म्हटले. जॉश गिब्सन हा कॅचरच होता, आणि त्याची फलंदाजी दंतकथेचा विषय झाली होती. परंतु तो कृष्णवर्णीय; त्याचे आयुष्य निग्रो लीगमध्ये गेले. जानेवारी १९४७ मध्ये, ३५ व्या वर्षी तो वारला. तीनच महिन्यांनी, १५ एप्रिल रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि बंद दार उघडले. गिब्सनच्या धावा मेजर लीगच्या अधिकृत वहीत नव्हत्या. आणि थैली कितीही फुगलेली असो, वहीत नसलेला माणूस विकत घेता येत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. गिब्सनची ०.३७२ ही कारकिर्दीची सरासरी टाय कॉबच्या ०.३६७ च्या वर गेली. आक्षेप आला की गिब्सनचे नोंदलेले सामने फार थोडे. आक्षेप खोटा नाही. त्या लीगचे हंगाम लहान असत आणि गावोगावचे असंख्य सामने हिशेबात धरलेलेच नाहीत. पण मग कॉबच्या सरासरीलाही तोच न्याय लावावा लागेल: १९०५ ते १९२८ या त्याच्या साऱ्या कारकिर्दीत लीगच्या एकाही सामन्यात त्याच्यासमोर कृष्णवर्णीय पिचर उभा राहू दिला गेला नाही. एकाची वही अपुरी, दुसऱ्याची स्पर्धा अपुरी. संघ निवडणाऱ्याने यांपैकी पहिलीच उणीव तेवढी मोजावी आणि दुसरी विसरावी, हे आम्हाला हिशेबाच्या दृष्टीनेही चूक वाटते.