पेन यांची नोंदवही

२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं. भाऊ हुबेहूब सारखे, म्हणून शरीराने ते परकं मानलं नाही. पण असा जुळा प्रत्येकाला कुठून मिळणार? साठच्या दशकात त्यावर उपाय निघाला. ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड देऊन शरीराच्या पहारेकऱ्यांनाच गुंगीत ठेवायचं.

गुंगीतला पहारेकरी मात्र खऱ्या चोरालाही अडवत नाही. डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांच्यासोबत काम करणारे, मूळचे दक्षिण आफ्रिकेतले शल्यचिकित्सक इस्रायल पेन यांच्या हे लक्षात आलं. १९६९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रत्यारोपणाच्या रुग्णांना होणाऱ्या लिम्फोमावर निबंध लिहिला. एकेका रुग्णालयात असे रुग्ण जेमतेम एक-दोन. तिथे तो योगायोगच वाटणार. पेन यांनी जगभरच्या शल्यचिकित्सकांकडून अशा रुग्णांची माहिती मागवून नोंदवही उघडली. विखुरलेले योगायोग एका जागी आले आणि त्यांतून आजार दिसू लागला.

यातला चोर बहुतेक वेळा घरातलाच असतो. १९६४ मध्ये एपस्टीन, अचॉन्ग आणि बार यांनी आफ्रिकेतल्या मुलांच्या बर्किट लिम्फोमात एक विषाणू पाहिला. हा एपस्टीन-बार विषाणू बहुतेक प्रौढांच्या बी पेशींत आयुष्यभर दडून असतो, आणि टी पेशी त्याच्यावर नजर ठेवतात. औषधांनी टी पेशी दुबळ्या झाल्या की या बी पेशी बेसुमार वाढू शकतात. ज्या मुलाची विषाणूशी गाठच पडलेली नाही, त्याला बाधित दात्याचा अवयव मिळाला, तर धोका आणखी वाढतो.

पुढे सायक्लोस्पोरिन आलं. अवयव जास्त टिकू लागले, पण लिम्फोमा होतच राहिले. १९८४ मध्ये स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अनपेक्षित गोष्ट मांडली: औषधं कमी किंवा बंद केल्यावर काही रुग्णांच्या गाठी विरघळल्या. पहारेकऱ्यांना शुद्धीवर आणणं हाच उपचार ठरला.

आज रिटुक्सिमॅब आहे, विषाणूविरुद्ध तयार केलेल्या टी पेशीही आहेत. तरी पहिलं पाऊल बहुधा तेच: औषध कमी करणं. किती कमी करायचं, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. जागे झालेले पहारेकरी गाठीसोबत अवयवावरही तुटून पडू शकतात. मूत्रपिंड गेलं तर डायलिसिस तरी आहे. हृदय बसवलेल्या रुग्णाला तेवढी सवड नसते.