कराची : वाळूकाठचे आपले शहर

मुरबाडहून कल्याणला जाणारा रस्ता शहाडजवळ उल्हासनगरच्या कडेने जातो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून हे शहर उभे राहिले व १९४९ साली त्याला आजचे नाव मिळाले. त्या निर्वासितांपैकी अनेकांचे मूळ गाव कराची. त्या कराचीशी आपल्या ख्रिस्ती समाजाचे नाते मात्र या छावणीहून कितीतरी जुने आहे.

कराचीच्या एका अंगास अरबी समुद्र, तर दुसऱ्या अंगास रखरखीत ओसाड प्रदेश. वर्षाकाठी पाऊस जेमतेम आठ इंच. शहापूरच्या खाचरांत तेवढा कधीकधी एका दिवसात कोसळतो! १८४३ साली चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला, १८४७ साली तो मुंबई इलाख्यास जोडला गेला आणि १९३६ पर्यंत तेथील कारभार मुंबईहून चालला. साहजिकच मागोमाग मराठी माणसेही गेली. शिक्षणखात्यातील नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव तेथील जुन्या सरकारी शाळेला आजही आहे.

फ्रिअर हॉल, एम्प्रेस मार्केटचा घड्याळाचा मनोरा, क्लिफ्टनच्या किनाऱ्यावरील उंटाची सवारी हे सारे पर्यटक हौसेने पाहतात. आम्हांला महत्त्वाची वाटते ती वेगळीच वास्तू, आणि ती बव्हंशी जमिनीखाली आहे. एम्प्रेस मार्केटचा आराखडा करणारे अभियंता जेम्स स्ट्रॅचन यांनीच १८८० च्या दशकात मलीर नदीकाठी डमलोटी येथे विहिरी खोदवून त्यांचे पाणी शहरात आणले. त्या पाण्याविना ही शोभिवंत नगरी वाढतीच ना. पुढे शहर फुगत गेले, नदीतील वाळू व पाणी यांचा उपसा झाला, मलीरच्या बागा सुकल्या आणि पाण्यासाठी सिंधू नदीकडे हात पसरावे लागले. तानसा व भातसा उशाला असून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

संत पॅट्रिकचे भव्य कॅथीड्रल १८८१ साली उभे राहिले. ते बांधले येशूसंघीयांनी. फादर वॅगनर यांच्या जोडीला ब्रदर क्लूव्हर व ब्रदर लाउ होते. उपासकांत मोठा भरणा गोव्याहून पोटापाण्यासाठी गेलेल्यांचा होता. शेजारच्या संत पॅट्रिक शाळेच्या बाकांवर लालकृष्ण अडवाणी बसले आणि परवेझ मुशर्रफही! एका शाळेच्या पटावर दोन देशांचा इतिहास असा क्वचितच उतरतो.

१९४७ साली देशाची सीमा आखली गेली, तरी ख्रिस्तसभेची सीमा लगेच बदलली नाही. कराची मुंबईच्या महाधर्मप्रांतातच होती, जसा आपला ठाणे जिल्हा होता. मे १९४८ मध्ये तिचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. नकाशावर ही एक रेघ. पण आजोळ मुंबईला आणि घर कराचीला अशा कुटुंबांना पुढे लग्नकार्यासाठी, मर्तिकासाठीसुद्धा व्हिसाची वाट पाहावी लागली. हिंदूंपैकी बहुसंख्य निघून आले. कॅथलिकांपैकी पुष्कळजण तेथेच राहिले, पुढे त्यांतील कित्येक परदेशी गेले. मुंबईच्या ख्रिस्तसभेचा इतिहास सांगताना आपण वसईपासून प्रारंभ करतो, ते योग्यच. पण १९४८ च्या आधीची कराची त्यातून वगळण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

पाकिस्तानचे पहिले कार्डिनल जोसेफ कॉर्डेरो यांचा जन्म १९१८ सालचा, आपल्या मुंबईतला. १९५८ साली ते कराचीचे आर्चबिशप झाले, १९७३ साली कार्डिनल. १९९४ साली त्यांनी देह ठेवला तो कराचीतच.