व्हॉल्व्ह आणि सूर

वाद्यांचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे लांकूड, तार, कातडें आणि भोपळा यांचाच विचार बहुधा केला जातो. विसाव्या शतकानें या यादींत एका अनपेक्षित वस्तूची भर घातली. ती म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. जुन्या रेडिओच्या पोटांत मंद तांबूस प्रकाशानें उजळणारे व्हॉल्व्ह ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ही नळी परिचित आहे. रेडिओंतून ती केव्हांच हद्दपार झाली. पण विजेच्या गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरमध्यें ती अद्याप टिकून आहे, आणि एका जातीचे व्हॉल्व्ह काढून दुसऱ्या जातीचे बसविले कीं सूर पालटतो, असें वादक सांगतात. हा केवळ हौशी लोकांचा छंद आहे, कीं त्यांत कांहीं तथ्य आहे? आणि तथ्य असल्यास, या निरनिराळ्या सुरांची निवड मुळांत कोणी केली? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत शोधलें असतां मोठें चमत्कारिक हातीं लागतें. ही निवड कलावंतांपेक्षां पेटंटांनीं, किंमतींनीं आणि कारखानदारांच्या सोयीनेंच अधिक केली आहे.

१९०४ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील प्राध्यापक जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनीं दोन विद्युदग्रांची नळी सिद्ध केली. तापलेल्या अग्रापासून सुटणारे इलेक्ट्रॉन दुसऱ्या अग्राकडे जातात, उलट परत येत नाहींत; झडपेंतून पाणी जसें एकाच बाजूस वाहतें, तशी त्या नळींतून वीज एकाच दिशेनें वाहते. म्हणून इंग्रजांनीं तिला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, हेंच नांव दिलें. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं दोहोंच्या मध्यें तिसरें, जाळीसारखें, अग्र घातलें. जाळीवरील विद्युद्दाब किंचित् हालविला कीं मुख्य प्रवाहांत त्याच घाटाचे, पण कितीतरी मोठे, चढउतार होऊं लागतात. दुबळ्या ध्वनीला बळ देण्याची सारी विद्या या एका युक्तींत सांठविलेली आहे.

लाउडस्पीकर हालविण्याइतकी शक्ति देणाऱ्या व्हॉल्व्हांस पॉवर व्हॉल्व्ह म्हणतात, व प्रस्तुत विषय त्यांचाच आहे. अधिक शक्ति मिळावी म्हणून पुढें चौथें अग्र घालण्यांत आलें, पण त्यानें एक पेंच उत्पन्न केला. वेगानें येणारे इलेक्ट्रॉन धनाग्रावर आदळून तेथील इलेक्ट्रॉन उडवूं लागले, ते चौथ्या अग्राकडे वळूं लागले, आणि प्रवाहाच्या आलेखांत मध्येंच खळगा पडूं लागला. १९२६ सालीं हॉलंडांतील फिलिप्स कंपनीच्या बर्नार्ड टेलेगेन यांनीं पांचवें अग्र घालून तो खळगा बुजविला. या शोधाचें पेटंट फिलिप्सकडे होतें. इतरांना तो मार्ग मोकळा नव्हता, म्हणून त्यांनीं निराळी वाट काढली. अग्रांची मांडणीच त्यांनीं अशी केली कीं, इलेक्ट्रॉनांचा दाट झोत बनावा आणि उडालेले इलेक्ट्रॉन त्यानेंच मागें रेटावे. या पद्धतीचा ६ एल ६ हा व्हॉल्व्ह अमेरिकेंत आर. सी. ए. कंपनीनें १९३६ सालीं बाजारांत आणला. १९३७ सालीं लंडनच्या हॅमरस्मिथ भागांतील एम. ओ. व्हॉल्व्ह कंपनीनें के. टी. ६६ काढला. त्याच्या नांवांतील के. टी. हीं अक्षरें म्हणजे 'खळगा नसलेला चार अग्रांचा व्हॉल्व्ह' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप होय. अशा रीतीनें एका बाजूस पांच अग्रांच्या व्हॉल्व्हांचें घराणें व दुसऱ्या बाजूस झोताच्या व्हॉल्व्हांचें घराणें, अशी फूट पेटंटाच्या कायद्यानें पाडली. गिटारवादकांस ज्या दोन सुरांमध्यें निवड करावयाची असते, त्यांचें मूळ येथें आहे.

आतां सुराकडे वळूं. अभियंत्यांचा हेतु शुद्धतेचा होता. जसा आवाज आंत जाईल तसाच, केवळ मोठा होऊन, तो बाहेर यावा एवढेंच त्यांस साधावयाचें होतें. व्हॉल्व्हवर त्याच्या कुवतीबाहेर भार पडला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे चेपटतात, आणि मूळ आवाजांत नसलेले उपस्वर त्यांत मिसळतात. शास्त्रज्ञ यास विकृति म्हणतात. वादकांना मात्र ती विकृतीच आवडली; कारण तिच्यामुळें तारेचा स्वर दीर्घकाळ टिकतो, भरदार होतो, आणि बोटाच्या जोराप्रमाणें कमीअधिक खरखरतो. आपल्याकडील श्रोत्यांस यांत नवल वाटूं नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून जी जवारी काढतात, तिचें मर्म हेंच कीं, तारेनें घोडीला निसटता स्पर्श करून उपस्वर उधळावे. यंत्राच्या दृष्टीनें जो अडथळा, तोच कानाच्या दृष्टीनें प्राण. मिरजेच्या कारागिरांनीं पिढ्यान् पिढ्या जी गोष्ट जाणूनबुजून साधली, ती पाश्चात्य गिटारवादकांस यंत्राच्या दुबळेपणांतून अवचित सांपडली.

कॅलिफोर्नियांत फुलर्टन येथें लिओ फेंडर यांच्या कारखान्यांत बेसमन नांवाचा अँप्लिफायर तयार होत असे. १९५९ च्या सुमारास त्यांत ५८८१ या जातीचे, म्हणजे ६ एल ६ च्याच कुळांतील, दोन व्हॉल्व्ह असत. इकडे लंडनच्या पश्चिमेस हॅन्वेल येथें जिम मार्शल हे गृहस्थ ड्रम शिकवीत व वाद्यांचें दुकान चालवीत. अमेरिकन अँप्लिफायर इंग्लंडांत फार महाग पडत. म्हणून १९६२ सालीं त्यांच्याकडील केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांनीं बेसमनचीच मांडणी पुढें ठेवून नवा अँप्लिफायर रचला. प्रारंभीं त्यांत ५८८१ होतेच. लौकरच त्यांच्या जागीं इंग्लंडांत बनणारा के. टी. ६६ आला. १९६६ सालीं एरिक क्लॅप्टन यांनीं जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या संचाबरोबर डेक्का कंपनीसाठीं जें ध्वनिमुद्रण केलें, त्यांत मार्शलचा अँप्लिफायर स्टुडिओच्या रिवाजाहून फारच मोठ्या आवाजांत वाजविला होता. फुटणारा आवाज हा दोष नसून शैली आहे, हें त्या ध्वनिमुद्रिकेनें तरुण वादकांस पटविलें.

त्याच सुमारास मार्शल यांनीं के. टी. ६६ सोडून ई. एल. ३४ धरला. पांच अग्रांच्या घराण्यांतील हा व्हॉल्व्ह स्वस्त होता व मुबलक मिळे. सुराचा विचार नंतरचा. तथापि मधल्या स्वरांना उठाव देणारा जो करकरीत आवाज पुढें रॉक संगीताची खूण ठरला, तो याचाच. त्याचा धाकटा भाऊ ई. एल. ८४ हा डार्टफर्ड येथील व्हॉक्स ए. सी. ३० मध्यें चार-चार बसवीत, आणि बीटल्सच्या आरंभींच्या गाण्यांतील लखलखीत गिटारी त्याच अँप्लिफायरमधून ऐकूं येतात.

पुढील हकीकत तर याहून बोधप्रद आहे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत जाणाऱ्या मार्शलमध्यें ई. एल. ३४ ऐवजीं ६५५० हा दणकट अमेरिकन व्हॉल्व्ह बसविला जाई, कारण तो टिकाऊ होता व तेथें सहज मिळे. परिणाम असा झाला कीं, पेटीवरील नांव एकच असतां इंग्लंडांतील तरुण एक सूर ऐकत होता आणि अमेरिकेंतील दुसरा. ज्यानें त्यानें आपण ऐकला तोच खरा मार्शल मानला! १९९० नंतरच्या दशकांत चांगल्या ई. एल. ३४ ची टंचाई पडली, तेव्हां मार्शलनें रशियन ५८८१ वापरला. पुन्हां चांगला माल मिळूं लागतांच ई. एल. ३४ परत आला. परंपरा म्हणून ज्याचा अभिमान बाळगला जातो, तें पुष्कळदां पुरवठ्याचें वेळापत्रक असतें.

मग व्हॉल्व्ह पालटल्यानें सूर खरोखर पालटतो काय? पालटतो, पण मर्यादेंत. हलक्या आवाजांत हा भेद थोडा असतो, व्हॉल्व्हवर जोर पडूं लागला म्हणजे तो स्पष्ट होतो. ट्रान्सफॉर्मर आणि लाउडस्पीकर यांचा वांटा बहुधा त्याहून मोठा असतो. शिवाय ही अदलाबदल दिवा बदलण्याइतकी सोपी नव्हे. ६ एल ६ ची तार तापविण्यास ०.९ अँपियर प्रवाह लागतो, तर ई. एल. ३४ ला १.५, पेटींतील ट्रान्सफॉर्मर तेवढा भार सोसण्याजोगा नसेल तर तो जळावयाचा. जाळीवरील ऋण दाबहि प्रत्येक वेळीं नव्यानें जुळवावा लागतो. आंत चारशे व्होल्टांच्या आसपास वीज खेळत असते, आणि बटण बंद केल्यावरहि ती कांहीं काळ दबा धरून बसते. म्हणून हें काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावें.

१९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला, आणि व्हॉल्व्हचे दिवस भरले. ज्या हॅमरस्मिथच्या कारखान्यानें के. टी. ६६ दिला, तो १९८८ सालीं बंद झाला. त्यानंतर जगांतील गिटारवादकांची भिस्त रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथील मोजक्या कारखान्यांवर राहिली. मार्च २०२२ मध्यें युक्रेनच्या युद्धामुळें रशियानें निर्यातीवर बंधनें घातलीं, तेव्हां सारातोव्हचा माल कांहीं काळ अडला आणि हजारों मैलांवरील वादक धास्तावले. एका सुराचें आयुष्य कोठल्या तरी दूरच्या भट्टीवर किती अवलंबून असतें, याची ती जाणीव होती.

यांत उपहास करण्याजोगें कांहीं नाहीं. या सुराची जात सोयीनें ठरविली, हें खरें. पण सोयीनें दिलेल्या वस्तूंत सौंदर्य हेरणारा कान वादकाचाच होता. व्यापाऱ्यानें जें स्वस्त म्हणून घेतलें, अभियंत्यानें जें विकृति म्हणून नाकारलें, त्यांत या लोकांस आपला आवाज सांपडला. कारखान्याची सोय पालटली कीं व्हॉल्व्ह जातात. कानाला एकदां लागलेली गोडी मात्र इतक्या सहज जात नाहीं, आणि तिच्याच मागणीनें थंड पडलेल्या भट्ट्या पुन्हां पेटतात.