पाऊस कोणी मोजायचा?



मृग लागला की आपला पहिला प्रश्न ठरलेला : यंदा नक्षत्राचे वाहन कोणते? बेडूक म्हटले की म्हातारी माणसे खुलतात, गाढव म्हटले की मान हलवतात. मग पाऊस पडतो आणि दुसरा प्रश्न येतो : पडला किती? त्याला आपण म्हणतो, ‘खाचरे तुंबली’, ‘वीतभर ओल गेली’. घरच्या लावणीपुरते हे उत्तर ठीक. पण ते दप्तरात लिहिता येत नाही, आणि गेल्या सालाशी ताडून पाहता येत नाही.

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. कोठारापाशी पाऊस मापायचे भांडे ठेवावे, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. कोणत्या प्रांतात किती द्रोण पाऊस पडतो तेही दिले आहे. अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणपट्टीचा पाऊस मात्र त्याने अमाप म्हणून सोडून दिला!

पुढे १८७५ साली देशाचे हवामान खाते निघाले. ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. लगेच १८७६ ते १८७८ चा दख्खनचा मोठा दुष्काळ आला, आणि पावसाचा आकडा ही काही पंडितांची हौस नव्हे, हे सर्वांना कळले. तालुक्याच्या कचेऱ्यांतून पर्जन्यमापके बसली. कारकुनाने सकाळी भांड्यातले पाणी काचेच्या मापात ओतायचे आणि इंच-सेंट वहीत लिहायचे. १९२८ साली खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्याला आले.

विलायतेत हे काम लोकांनी अंगावर घेतले होते. सायमन्स नावाच्या गृहस्थाने १८६० साली १६८ ठिकाणच्या नोंदी जमवल्या. पाद्री, डॉक्टर, शाळामास्तर आपापल्या अंगणात पाऊस मोजत आणि त्याला कळवीत. १९०० साली तो वारला तेव्हा ही मंडळी तीन हजारांवर गेली होती.

आता आपल्या आंदर मावळाकडे पाहा. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो, पुण्याला सातशेच्या आसपास; आणि दोहोंत अंतर पासष्ट किलोमीटरांच्या आतबाहेर. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे यावे तसा पाऊस भराभर उतरतो. टाकव्याला उघडीप आणि कुसूरला मुसळधार, हे आपण पाहतोच. याच आंद्रेच्या खोऱ्यातले पाणी ठोकळवाडीच्या धरणात अडवून १९२२ पासून भिवपुरीला वीज होऊ लागली. मग तालुक्याच्या ठिकाणचे एकच भांडे साऱ्या खोऱ्याची हकिकत कशी सांगणार?

२०१७ पासून राज्यात महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे बसू लागली, हे चांगलेच झाले. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरांहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि पिकाच्या मदतीचा विचार त्यावरून होतो. पण एका मंडळात गावे अनेक. यंत्र एका गावी, ढग फुटला दुसऱ्या गावी, तर आवण वाहून गेलेल्या शेतकऱ्याने काय दाखवावे? गावातल्या शाळेची वही सरकारी आकड्याची जागा घेणार नाही. पण ती शेजारी उभी राहिली तर चौकशीला आधार मिळेल. अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात जुलै १९९७ मध्ये असेच झाले. एका भागात प्रलय, दुसरीकडे बेताचा पाऊस. पुढच्याच वर्षी तिथे घरोघरच्या हौशी मापकांचे जाळे उभे राहिले.

काम सोपे आहे. मापक झाडा-भिंतींपासून दूर, उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजावे आणि तिथल्या तिथे लिहावे. एकेक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरावर एक लिटर पाणी, हा हिशेब मुलांनाही करता येतो. अंदाजाने काही लिहू नये. पाऊस पडला नाही तर शून्य मांडावे. मोजायचे राहिले तर ‘मोजले नाही’ असे लिहावे. शून्य आणि कोरी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरडा दिवस कोणता आणि आळसाचा कोणता, हे वीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला दुसरे कोण सांगणार?

तेव्हा गुरुजी, पहिल्या पानावर गावाचे नाव आणि तारीख घाला, आणि सुरुवात करा. मग त्या दिवशी शून्य का असेना.