संग्रहणी म्हणून गेलेली माणसं

मंडळी, आपल्या पांढुर्णा-सौसरच्या आठवणी निघाल्या की गोटमार निघते, संत्र्याचे बगीचे निघतात. एक आठवण मात्र कोणी काढत नाही. महिनोन्‌महिने जुलाब होऊन, हाडाची काडं होऊन गेलेली तरणी माणसं. घरचे "संग्रहणी होती जी" म्हणायचे, अन् विषय तिथंच मिटायचा.

यातल्या किती जणांना एचआयव्ही होता, ते आता कोण सांगणार? पण लक्षण जगाला ठाऊक होतं. १९८५ मध्ये युगांडातल्या डॉक्टरांनी लिहिलं की तिथले लोक या रोगाला 'स्लिम', म्हणजे सुकवणारा, म्हणतात. १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे, म्हणजे आपल्याच मराठी घरातल्या) यांच्या चमूने भारतातले पहिले रुग्ण शोधले.

मग निदान का हुकायचं? कारण क्रिप्टोस्पोरिडियम आणि आयसोस्पोरा हे परजीवी शौचाच्या साध्या तपासणीत सहज नजरेतून सुटतात. टीबीचे जंतू पाहायला जो लाल रंग वापरतात, त्याचीच थोडी बदललेली पद्धत लागते. त्या काचपट्टीवर क्रिप्टो बारीक गोल दिसतो, आयसोस्पोरा मोठा, लांबट. फरक महत्त्वाचा आहे. आयसोस्पोरा को-ट्रायमोक्साझोलसारख्या स्वस्त गोळीनं बरा होतो. क्रिप्टोवर खरा उपाय एकच, एआरटीनं प्रतिकारशक्ती परत आणणं.

ती एआरटी सरकारी दवाखान्यात १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळू लागली, पण सुरुवातीला ६ राज्यं आणि दिल्लीत. त्यात महाराष्ट्र होता, मध्य प्रदेश नव्हता. १९५६ ला नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो. त्या रेघेचा अर्थ असाही निघाला.

आज घरात कोणी एचआयव्हीसह जगत असेल आणि जुलाब दोन आठवड्यांवर गेले, तर नुसत्या बंद करायच्या गोळ्यांवर काढू नका. वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्या, कारण परजीवी रोज पडतोच असं नाही. ही खास तपासणी करायला डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सीडी४ पाहा. कधी आतड्याचा टीबी निघतो, तर कधी चालू औषधानंच पोट बिघडलेलं असतं. पाणी उकळूनच प्या, क्रिप्टोला क्लोरीन पुरत नाही.

आणि लाजेचं म्हणाल, तर २०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, नाव फोडता येत नाही. तेव्हाच्या माणसांना हे आडोसे नव्हते. आता आहेत, तर वापरा बाप्पा.